धूळपाटी

आपल्या भाषेत दोन म्हणी एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत. एक म्हणते, 'भागीचे घोडे किवणाने मेले.' दुसरी म्हणते, 'गाव करी ते राव काय करी.' पहिलीतल्या घोड्यावर सगळे बसले, पण त्याच्या पाठीवरच्या जखमेकडे पाहायला कोणाला सवड झाली नाही. दुसरीतल्या गावाने राजालाही न जमणारे काम करून दाखवले. दोन्ही म्हणी आपल्याच बापजाद्यांनी केल्या आणि दोन्ही अनुभवाच्या आहेत. संध्याकाळच्या अभ्यासिकेत मोठ्या मुलांना म्हणी शिकवताना हटकून कोणीतरी विचारते, "बाई, मग यातली खरी कोणती?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नाही. मला ते सुचते ते माझ्या आजोळच्या पाण्यावरून.

माझे आजोळ पांझरेच्या काठचे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. तिथे तीन-चारशे वर्षांपासून फडाची पद्धत चालत आली. बंधाऱ्याने अडवलेले पाणी पाटाने शिवारात येते. शिवाराचे बहुधा चार मोठे भाग पाडलेले असतात, त्यांना म्हणायचे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एकाच्या उसाला पाणी हवे आणि शेजारच्याच्या ज्वारीला नको, असा तंटा तिथे उद्‌भवतच नाही. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाऊस कमी झाला की सगळ्यांनी मिळून ठरवायचे, यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. मग नुकसान झाले तरी ते एकाच्या माथी बसत नाही, सगळ्यांच्या पानात थोडे थोडे वाढले जाते.

माझे आजोबा या पाटावर पाटकरी होते. पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचे आणि कधी बंद करायचे, हे त्यांचे काम. सुगीला प्रत्येक खळ्यावरून धान्य मिळे, तोच त्यांचा पगार. ते पाण्याचे मालक नव्हते, फक्त पाळीचे राखणदार होते. गावातला मोठा बागायतदार असो की बिघाभर जमिनीचा धनी असो, पाळी आल्याखेरीज ते दार उघडत नसत. हंगामाच्या आधी घरटी एक माणूस पाटातला गाळ काढायला जाई. जो येणार नाही त्याने दंड भरायचा. पाणी सर्वांचे, म्हणून गाळही सर्वांचा, एवढे साधे ते शास्त्र होते. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि पुष्कळ ठिकाणी ही व्यवस्था खिळखिळी झाली. काही ठिकाणी ती अजून तग धरून आहे.

भागीच्या घोड्याची गोष्ट १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साऱ्या जगाला सांगितली. त्याने घोड्याऐवजी कुरण घेतले. कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो, आणि अखेर गवताची काडी उरत नाही. याला उपाय दोनच. कुरण सरकारने ताब्यात घ्यावे, नाहीतर त्याचे तुकडे करून ते खाजगी मालकांना द्यावे. विद्वानांना हे इतके पटले की पुढची कित्येक वर्षे ते जणू सिद्धच झालेले आहे, असे धरून जगभर कारभार चालला. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी एक अगदी बायकी गोष्ट केली. प्रत्यक्ष घरात जाऊन पाहिले. कुठे पाटाचे पाणी, कुठे मासेमारी, कुठे डोंगरावरची कुरणे, ही माणसे खरोखर कशी वापरतात, याचे पुरावे त्यांनी गोळा केले आणि १९९० मध्ये पुस्तक लिहिले. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल नावाच्या खेड्यात १५१७ पासूनचा एक नियम आहे. हिवाळाभर आपल्या चाऱ्यावर जेवढ्या गाई जगवता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्यायच्या. सरकार नाही, सावकार नाही. गावानेच नियम केला आणि गावानेच पाळला. बाईंचे म्हणणे असे, की घोडे भागीचे असल्यामुळे मरत नाही. खरारा कोणी कधी करायचा हे ठरलेले नसते, म्हणून ते मरते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ते वाचले तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. त्यांना कोणी कसले पारितोषिक दिले नाही. पण सिद्धान्त तोच होता.

एवढे सारे पुराण लावण्याचे कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत मी एका नव्याच पाटावर जाऊन बसू लागले आहे. या पाटात पाणी नाही, अक्षरे आहेत. त्याचे नाव विकिपीडिया. हवाई बेटांवरच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. कोणीही यावे, पान उघडावे, 'संपादन' असे लिहिले आहे तिथे बोट ठेवावे, आणि लिहावे. इंग्रजीत हे काम १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाले. मराठीत सुरू झाले तो दिवस होता १ मे २००३, म्हणजे महाराष्ट्र दिन. जाहिरात नाही, वर्गणी नाही. चालतो तो लोकांच्या देणग्यांवर. इंग्रजीत आज ६० लाखांहून अधिक लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास.

पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला कोणी भुरळ घातली असेल, तर ती दोन शब्दांनी. नव्या माणसाने हात बसेपर्यंत वाटेल ते लिहून पाहावे, पुसावे, पुन्हा लिहावे, यासाठी तिथे एक मोकळे पान ठेवलेले आहे. त्याचे नाव 'धूळपाटी'! आणि सर्वांनी मिळून काही ठरवायचे, भांडायचे, समजूत घालायची, त्या जागेचे नाव 'चावडी'. मी सकाळी बालवर्गाला शिकवते. माझ्या मुलांपैकी कोणी धूळपाटी पाहिलेली नाही. पाटीवर धूळ पसरून बोटाने 'श्री' काढायची रीत आमच्या आजोबांच्या पिढीबरोबर गेली. जो शब्द शाळेतून हद्दपार झाला, तो संगणकाच्या पडद्यावर आपला वाट पाहत बसला होता. ज्या कोणी अनाम माणसांनी ही नावे ठेवली, त्यांना मराठी येत होते, एवढेच म्हणून मी त्यांना हात जोडते.

आपल्याकडे ज्ञानकोश नव्हते असे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी भाग विकून भांडवल उभे केले, स्वतः पायपीट केली आणि २३ खंडांचा ज्ञानकोश मराठीच्या पदरात घातला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. ही दोन्ही कामे डोंगराएवढी आहेत, आणि आज दोन्ही कोश इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात. पण त्या मांडवात माझ्यासारखीला वाढपी म्हणून जागा नव्हती, फक्त पंगतीत होती. तसे असणे योग्यही होते. विश्वकोशातली नोंद तज्ज्ञानेच लिहायची असते. मी मॅट्रिक. पुढे शिकायचे राहिले ते राहिलेच. चार कादंबऱ्या लिहिल्या तरी एखाद्या समितीच्या अर्जात 'शैक्षणिक अर्हता' या रकान्याशी लेखणी अजून अडखळते. या नव्या पाटावर मात्र तो रकानाच नाही. तिथे तुमची पदवी कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच: 'आधार काय?'

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे मला लवकरच कळले. मी पांझरेविषयी चार ओळी लिहिल्या. बंधारे कसे, फड कसे, दुष्काळात कोणता फड कोरडा ठेवायचा ते कसे ठरे, पिकाची राखण करणाऱ्या जागल्याला काय मिळे. दुसऱ्या दिवशी पाहते तो प्रत्येक ओळीच्या शेपटाला कोणीतरी लहान अक्षरांत लिहून ठेवले होते, 'संदर्भ हवा'. लिहिणारा कोण, कुठला, मला ठाऊक नाही. त्याने माझे लिहिणे पुसले नव्हते. चर्चेच्या पानावर 'ताई, माहिती मोलाची आहे, छापील आधार मिळाला तर टिकेल' असेही लिहिले होते. मी तालुक्याच्या ग्रंथालयात गेले. खानदेशचा १८८० चा जुना गॅझेटियर निघाला. त्यात बंधाऱ्यांची हकिकत मिळाली, ती मी जोडली. माझ्या चारांतल्या दोन ओळी तरल्या. उरलेल्या दोन आजोबांच्या तोंडच्या होत्या. त्यांना आधार नव्हता, त्या गेल्या.

दोन दिवस मला हे लागून राहिले. घोड्यावरून शिवार पाहून गेलेल्या साहेबाचे लिहिणे पुरावा ठरते, आणि उभा जन्म पाटाच्या काठी काढलेल्या माणसाचे सांगणे पुरावा ठरत नाही! पण रागाचा भर ओसरल्यावर दुसरी बाजू दिसली. आज मी माझ्या आजोबांचे नाव सांगेन, उद्या दुसरा कोणी आपल्या आजोबांच्या नावावर भलताच इतिहास खपवील. दार सर्वांना उघडे ठेवायचे तर उंबरठ्यावर काहीतरी असायला हवे, आणि तो उंबरठा सर्वांना सारखाच उंच हवा. आजोबा बागायतदाराला म्हणत, 'पाळी आल्यावर या.' हा अनाम राखणदार मला म्हणत होता, 'छापून आल्यावर या.' दोघांत मला तरी फरक दिसत नाही. मात्र यातून एक हिशेब उघडा पडतो. आपल्या म्हाताऱ्या माणसांकडचे पुष्कळ शहाणपण अजून कुठे छापलेच गेलेले नाही. बी कसे राखायचे, जखमेवर कोणता पाला बांधायचा, कोणत्या पंचायतीने कोणता निवाडा दिला, हे सारे तोंडी आहे. ती माणसे गेली की दाराशी घेऊन जायलाही काही उरणार नाही.

या पाटाची आणखी एक गंमत सांगायला हवी. प्रत्येक पानाला 'इतिहास' नावाचे दार आहे. ते उघडले की कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, ते सगळे दिसते. मध्यरात्री कोणी येऊन एखाद्या थोर पुरुषाच्या पानावर शिवी लिहून जातो, आणि झोप न आलेला दुसरा कोणी ती पुसून टाकतो. गावच्या नावावरून, कोणाच्या जातीवरून, जन्मतिथीवरून जुंपते, दिवसचे दिवस चालते. आपल्या स्वभावाचे सगळे मासले तिथे आहेत. पण खाडाखोड सहसा लपवता येत नाही. आमच्या शाळेची हजेरीबुकेसुद्धा इतकी प्रामाणिक नसतात.

गावाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. 'गाव करी' म्हणताना गावात कोण कोण धरले होते? माझी आजी आयुष्यात चावडीची पायरी चढली नाही. फडात ज्याची जमीन होती त्याचेच पाणी होते. ज्याला जमीन नव्हती तो पाटाच्या काठाने नुसता चालत जाई. आणि सार्वजनिक पाणवठे दलितांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली करूनही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांना मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांना घेऊन तिथे जावे लागले, ओंजळ भरावी लागली. ठरावाने पाणवठा खुला होत नाही; ज्यांना अडवले त्यांनी ओंजळ भरली म्हणजे होतो. अक्षरांच्या पाणवठ्याचेही तेच आहे. तिथे दाराला कडी नाही, तरीही जगभर तिथे लिहिणाऱ्यांत बायका थोड्या. कोणी अडवीत नाही. पण 'आपण कोण लिहिणार?' हे इतकी वर्षे ऐकले आहे की आता ते आपले आपल्यालाच ऐकू येते.

पाटाचे तोंड कोणाच्या हाती असावे, हाही जुनाच तंटा. तो इंटरनेटवर आपल्या देशात २०१५ साली झाला. त्या मार्चमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लोकांची मते मागवली. प्रश्न असा, की काही ठिकाणे स्वस्त किंवा फुकट आणि बाकीची महाग, असा भेद कंपन्यांनी करावा की नाही? तरुण मुलांनी तो लांबलचक कागद सोप्या भाषेत सांगितला, आणि पाहता पाहता दहा लाखांहून अधिक पत्रे प्राधिकरणाकडे गेली. फेसबुकने गरिबांना मोजकीच काही ठिकाणे फुकट दाखवण्याची योजना मांडली होती, तिचीही मोठी चर्चा झाली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकजण म्हणाले, "अहो बाई, फुकट मिळतंय तर घेऊ द्या की गरिबाला!" मी म्हटले, "गुरुजी, घागर फुकट देतायत, पण पाणी कोणत्या विहिरीचं ते तेच सांगणार." ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने असा भेदभाव करणारे दर बंद केले. घरोघरच्या माणसांनी एकेक पत्र लिहिले. गाळ काढायला घरटी एक माणूस जाई, त्यातलाच हा प्रकार.

अभ्यासिकेतली एक मुलगी आहे, नववीतली. तिला मी विकिस्रोत दाखवला. हे विकिपीडियाचे भावंड. ज्यांचा स्वामित्वहक्क संपला अशी पुस्तके तिथे सर्वांसाठी मांडतात. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लिहिणे सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कोणा एकाची राहिली नाही, सगळ्या मुलांची झाली. विकिस्रोतावर एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र असते, दुसऱ्या बाजूला ते टंकलिखित करायचे. कच्चे पान लाल. एकाने वाचून शुद्ध केले की पिवळे. आणि दुसऱ्या कोणी पुन्हा तपासले तरच ते हिरवे होते. या मुलीने आठ दिवस खपून एका जुन्या पुस्तकाची सहा पाने पिवळी केली. मग रोज येऊन पाहायची. एके संध्याकाळी धावत आली, "बाई, माझं पान हिरवं झालं! कोणीतरी वाचलं!" मी विचारले, "कोणी गं?" तर म्हणाली, "काय माहीत. पण एकटीला हिरवं करता येत नाही, दुसरं माणूस लागतंच."

मोठमोठ्या ग्रंथांतून मला जे सापडले नव्हते, ते या पोरीने एका वाक्यात सांगून टाकले.

आता काळजीचे बोलते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक होते. या पाटावर नेमाने फावडे घेऊन येणारे हात मात्र फारच थोडे. निबंधासाठी, भाषणासाठी, जयंतीच्या फळ्यासाठी पाणी नेणारे रोज येतात, गाळ काढायला कोणी थांबत नाही. त्यात २०२२ पासून बोलकी यंत्रे आली. विचारले की ती घडाघडा सांगतात. त्यांनी जे वाचले, त्यात या सामाईक पाटाचेही पाणी आहे. मुलाला उत्तर मिळते. पण पाट दिसत नाही, 'संपादन' हा शब्द दिसत नाही, 'संदर्भ हवा' ही टोचणीही दिसत नाही. उगम कुठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो गाळ काढायला जाणार कसा? आणि पाटात मराठी थोडी असेल, तर यंत्राच्या तोंडीही ती थोडीच आणि मोडकी येणार.

म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांना मी आता म्हणींचा निकाल असा सांगते. दोन्ही खऱ्या. घोडे तेच, गावही तेच. खराऱ्याची पाळी ठरली की दुसरी म्हण, नाही ठरली की पहिली. मुले हसतात, आणि फळ्यावर पाळ्या मांडतात. यंदा आठ जणांनी आपापल्या गावच्या बंधाऱ्याचे, बारवेचे, जत्रेचे छायाचित्र काढून सर्वांसाठी मोकळे केले. चौघांनी आपल्या आज्यांची सांगणी लिहून घेतली आहेत. ती जिल्ह्याच्या एखाद्या वर्तमानपत्रात छापून यावीत, अशी खटपट चालू आहे.

आणि आजोबांच्या त्या निराधार दोन ओळींचे म्हणाल, तर दुष्काळात कोणता फड कोरडा ठेवायचा ते गाव मिळून ठरवी, आणि जागल्याला सुगीला खळ्यावरून धान्य मिळे. आता हे या अंकात छापून आले. मी ते उचलून तिथे नेऊन ठेवणार नाही, आपल्याच लिहिण्याचा आधार आपण द्यायचा नसतो. त्याला दुसरे माणूस लागते. फराळाची ताटे आज या घरातून त्या घरात जात असतील. शेजारणीचे ताट आपल्याकडे रिकामे परत पाठवत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. तेवढी रीत या नव्या शेजारातही पाळली, तर मराठीचे घोडे किवणाने मरणार नाही.